वळणावरचं कथील

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ.

आज चहात वाळू लागली.

ही नोंद मी शांतपणे करतो आहे. अख्खी उमर पतपेढीच्या वसुली विभागात काढलेला माणूस. ज्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की शहादा तालुक्यातली भलीभली माणसं मागच्या दाराने कपाशीत शिरतात. त्याच्या दाढेखाली, त्याच्याच घरात, त्याच्याच कपातून कर्र असा आवाज यावा! याहून लहान कारणांवरून राज्यं गेली आहेत. (कोणती, ते बघून लिहीन.)

चौकशी केली. बेबीबाई (पत्नी, घरात तीच एकटी संशयित) म्हणाली, पावडर संपली म्हणून, 'नदीनी कायी रेती लीसन भांडा घासात.' नदीची काळी वाळू! आणि वर म्हणाली, की एवढ्याने कोणी मेलेलं नाही, तिची आजी ऐंशी वर्षं जगली.

आरोपीने गुन्हा कबूल केला की मला जास्त संशय येतो. कपाच्या तळातली वाळू कागदावर काढून वाळवली. काळी, चमकदार, आणि आकाराच्या मानाने जड. फ्रिजवरचा लोहचुंबक (आंब्याच्या आकाराचा, बियाणेवाल्याने फुकट दिलेला) वरून फिरवला. अर्धे कण चिकटले. अर्धे चिकटले नाहीत.

माझा अनुभव असा, की जो समोर येऊन चिकटतो त्याच्याकडे काही नसतं. जो लांब राहतो, त्याच्याकडेच काहीतरी असतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.

फोनवर व्हिडिओ पाहिला. पहिला भाग नुसता खडकांबद्दल होता, तो पुढे ढकलला. खडक मला शाळेतही आवडत नसत. मुद्द्याचा भाग असा: डोंगर झिजतो, त्याचे कण नदीत येतात. हलके कण पाण्याबरोबर निघून जातात. जड कण पाण्याचा जोर जिथे मोडतो तिथे खाली बसतात. वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या दगडाच्या आडोशाला, खडकातल्या खळग्यात. दर पावसाळ्यात पूर येतो, हलकं धुऊन नेतो, जड तिथेच. असं हजारो वर्षं. उरते ती काळी जड वाळू. तिच्यात कथील, आणि 'रेअर अर्थ' नावाची मंडळी, ज्यांच्याशिवाय म्हणे मोबाइल वाजत नाही, बॅटरीची गाडी चालत नाही आणि मोठे देश एकमेकांशी सरळ बोलत नाहीत.

आता वाटणी आठवली. हेमराजदादाने विहिरीजवळचं केळीचं रान घेतलं. माझ्या वाट्याला नदीच्या वळणावरचा पट्टा. दोन चिंचा, एक सपाट खडक आणि वाळू. नवनीत फसला, असं सगळं कळसाडी गाव म्हणालं. मीही प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेराव्याला तेच सांगत आलो.

ते आता मागे घेतो. मनातल्या मनात.

संकल्प: हे कोणालाही सांगायचं नाही.

संध्याकाळी: दाढी करताना न्हाव्याला सांगितलं. पण नदीचं नाव घेतलं नाही. गावात नदी एकच आहे, हे नंतर लक्षात आलं.

८ फेब्रुवारी, रविवार.

बेबीबाईची पितळी परात घेऊन वळणावर गेलो. पद्धत सोपी आहे. परातीत वाळू आणि पाणी घ्यायचं, गोल फिरवायचं, हलकं सांडू द्यायचं. पहिल्या खेपेला वाळू सांडली. दुसऱ्या खेपेला परात. तिसऱ्या खेपेला मी.

पण चौथ्या खेपेला परातीच्या कडेला काळी चंद्रकोर उरली! सगळ्यात काळी वाळू सपाट खडकावरच्या खळग्यात आहे. हात घातला की मनगटापर्यंत नुसती काळी. तीच जागा पक्की केली.

घरी बेबीबाई ज्वारी पाखडत होती. तिला समजावून सांगितलं, की शास्त्रात याला 'ग्रॅव्हिटी सेपरेशन' म्हणतात. जड खाली, हलकं बाहेर. ती सुपाकडे पाहत राहिली, मग माझ्या ओल्या पँटकडे. म्हणाली, 'हाई ते मन्ही मायनी शिकाडेल शे. फी बी नई लिनी.' (तिच्या आईने, फुकटात.)

खाजगी गोष्टी घरात बोलू नयेत.

११ फेब्रुवारी, बुधवार.

सावध! हेमराजदादा घरी आला होता. आपण होऊन. हातात केळीचा घड.

त्याच्या रुपाचं लग्न आखाजीनंतर (अक्षय्य तृतीया) ठरलं. वळणावरच्या पट्ट्यात मांडव टाकायचा आणि चिंचांखाली चुली खांदायच्या म्हणतो. आपल्या घरातल्या सगळ्या मुलींची लग्नं तिथेच झाली, सावली आहे, पाणी आहे, भांडी घासायला खडक आहे, वगैरे.

कारणं फार होती. ज्याला खरंच हप्ता भरायचा असतो तो एकच वाक्य बोलतो. आणि केळीचा घड कशाला? न्हाव्याने फोडलेलं दिसतं.

'विचार करून सांगतो' म्हणालो. हे वाक्य मला लोक रोज ऐकवतात. आज पहिल्यांदा स्वतः वापरून पाहिलं. चांगलं आहे. दादा घड ठेवून गेला. केळी गोड निघाली. संशय वाढला.

१५ फेब्रुवारी, रविवार.

पट्ट्याला काटेरी तार मारली. पाटी रंगवून घेतली: 'खाजगी मालमत्ता. विनापरवाना रेती उचलणाऱ्यावर कारवाई होईल.' तार ओढताना नवी पँट फाटली, मांडी ओरखडली. कामाच्या सुरुवातीला रक्त निघावं हे शुभ मानतात.

रोज भांड्यांसाठी वाळू न्यायला येणाऱ्या बायका तारेपलीकडे गोळा झाल्या. शेजारची गुलाबबाई मोठ्याने म्हणाली, 'जिभाऊ, आते रेती बी वसूल करी ऱ्हायनात का?' सगळ्या हसल्या. हसू द्या.

१६ फेब्रुवारी.

तारेवर गोधड्या वाळत आहेत. पाटीवर एक लुगडं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.

चेतना (मुलगी, नंदुरबारला कॉलेजात शिकते) सुट्टीला आली होती. तिच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचे गावित सर आहेत, जोसेफ गावित, नवापूरकडचे. ते वाळूची तपासणी करवून देतील म्हणाली. मी विचारलं, माणूस कसा आहे? म्हणाली, चांगला आहे. मी विचारलं, का?

खळग्यातल्या वाळूचे तीन भाग केले. एक सरांसाठी, मिठाईच्या डब्यात, दोऱ्याने बांधून, दोऱ्यावर लाख, लाखेवर सही. उरलेले दोन पुरावा म्हणून लपवले: एक पोटमाळ्यावर, एक तूरडाळीच्या रिकाम्या डब्यात. उद्या सर म्हणाले काही सापडलं नाही, तर आपल्याकडे मूळ माल पाहिजे.

२२ फेब्रुवारी.

डाळीच्या डब्यातला पुरावा बेबीबाईने वापरला. कढई घासली. कढई चकचकीत झाली आहे, हे मला मान्य करावं लागतं. आता फक्त पोटमाळा.

३ मार्च, मंगळवार. होळी.

होळीसमोर सगळ्यांच्या देखत दादाने विचारलं. मी म्हणालो, सध्या त्या जागेवर तांत्रिक अडचण आहे. तो म्हणाला, तार लावलीस तीच ना? मी म्हणालो, मालमत्ता माझी आहे. तो म्हणाला, 'जमीन तुन्ही शे. पोर कोनी शे?'

नारळ होळीत टाकायचा तो हातातच राहिला, घरी घेऊन आलो. बेबीबाईने त्याची चटणी केली आणि मला वाढली नाही.

४ मार्च, बुधवार.

रुपा स्वतः आली. लहानपणी तिला मोटारसायकलच्या टाकीवर पुढे बसवून मी वसुलीला न्यायचो. पोर बघून लोक पळायचे नाहीत, चहा टाकायचे. माझी अर्धी वसुली तिने केली आहे.

म्हणाली, 'काका, मी वळणावर खेळीसन मोठी व्हयनू, मन्हं लगन तठेज व्हवाले जोयजे.' तिथेच व्हायला पाहिजे. बस, एकच वाक्य.

मी म्हणालो, अर्ज विचाराधीन आहे. विनोद म्हणून म्हणालो. ती हसली नाही. बुंदीचा लाडू ठेवून गेली.

लाडू का? आत काय असेल? रात्रीपर्यंत ठेवला. मग खाल्ला. काजू होते.

हे सगळं मी तिच्यासाठीच करतो आहे, हे तिला नंतर कळेल. कथील निघालं की तिला मोटार घेऊन देणार. दादाला माफ करणार. केळीचं रानही दुप्पट भावाने मागून घेणार, म्हणजे त्याला माफी जाणवेल.

८ मार्च, रविवार.

भावकीची बैठक. विषय: पंचांची भांडी.

लोटन अप्पांच्या (पंचांतले सगळ्यात वडील) कोठीत समाजाची मोठी पितळी पातेली असतात. लग्नाला न्यायची, आणि परत देताना कल्हई करून द्यायची, ही जुनी रीत. अप्पा म्हणाले, कल्हई राहिलेली नाही, रुपाच्या लग्नात कढी कळकेल, वऱ्हाड ओकेल. शेवटी भांडी कोणाकडे गेली होती?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा कट आहे.

माझ्या मोठ्या मुलाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. मी भांडी कशी दिली होती, ते बैठकीला सांगितलं: तीन-तीनदा घासून, आरशासारखी. एक डाग दाखवा म्हणालो. अप्पा म्हणाले, 'आरसाज व्हयना ना बापू. पितय दखाई ऱ्हायनं.' पितळ दिसतंय म्हणे.

मी म्हणालो, कल्हई आधीच गेलेली असणार, मी भांडी घेतली तेव्हाची नोंद दाखवा. नोंद कुठेच नाही. बैठक बरखास्त. मी जिंकलो. परत येताना कोणी बरोबर चाललं नाही.

१२ मार्च, गुरुवार.

सापडलं!!

चेतनाचा फोन. सरांनी सांगितलंय: नमुन्यात कथील आहे. प्रमाण अनपेक्षित. वडिलांनी भेटायला यावं.

अनपेक्षित त्यांना. मला नाही.

ऑफिसात दिवसभर कामावर लक्ष लागलं नाही. एका थकबाकीदाराला मुदतवाढ दिली. तो घाबरला.

घरी येताना वळणावर उतरलो. मोठी यंत्रं उजव्या हाताला, ऑफिस चिंचेखाली. डावी चिंच पाडावी लागेल. दुसरी ठेवू, पूर्वजांच्या स्मरणार्थ.

१७ मार्च, मंगळवार. नंदुरबार.

गावित सर तरुण आहेत. खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. (का?)

म्हणाले, वाळू फार छान आहे, काका. काळी आहे ती लोखंडाची आणि टायटॅनियमची खनिजं. आपल्याकडचा सगळा खडक काळा पाषाण, त्यातून हेच येणार. रेअर अर्थ किती, विचारलं. म्हणाले, घराच्या मागच्या अंगणातल्या मातीत असतात तेवढे. कथील आणि रेअर अर्थ ही मुख्यतः ग्रॅनाइटची लेकरं. तुमच्या नदीच्या उगमापर्यंत चालत गेलात तरी ग्रॅनाइटचा डोंगर लागणार नाही.

मग कथील कसं आलं?

इथे त्यांचा चेहरा बदलला. तेच मला कळत नाही, म्हणाले. सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. खनिजाचे दाणे नाहीत. पातळ पापुद्रे, सोलल्यासारखे. धातूच. बरोबर थोडं तांबं-जस्त, थोडं शिसं. नदीने तिचं काम चोख केलंय, म्हणाले. जड वस्तू आली, खळग्यात थांबवून ठेवली. फक्त ती नदीत टाकली कोणी, एवढाच प्रश्न आहे. वरच्या बाजूला एखादा कारखाना आहे का?

परतीच्या एसटीत सगळं उलगडलं. सर मला खनिज नाही असं सांगताहेत, म्हणजे त्यांना पट्टा हवा आहे. किंवा ते खरं बोलताहेत, म्हणजे माझ्या जागेत कोणीतरी गुपचूप कथील आणून टाकतं आहे. दोन्हीकडून कट आहेच. कोणीही माणूस फुकट चहा पाजत नाही.

निर्णय: पाळत.

२१ मार्च, शनिवार. दुपार.

शेजारच्या उसात बसून लिहितो आहे. उसाची पानं कापतात. मुंग्या आहेत. पण इथून खळगा स्वच्छ दिसतो.

हालचाल! कोणीतरी तार वर उचलली. गुलाबबाई. खालून सरपटत आत. मागे आणखी दोघी. मागे

संध्याकाळी, घरी.

मागची चौथी बाई म्हणजे बेबीबाई होती. डोक्यावर घरचं पितळी तपेलं. तार तिने इतक्या सवयीने उचलली, की हे रोजचंच दिसतं.

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो. चौघी सपाट खडकावर बसल्या. खळग्यातली मूठ-मूठ काळी वाळू घेतली. काथ्याने भांडी घासली. तपेल्याच्या आत पांढरं होतं, ते घासलं. मग भांडी त्याच खळग्यात विसळली. खळग्यातलं पाणी राखाडी झालं.

निष्कर्ष: अद्याप काढलेला नाही.

मला शिंक आली. बेबीबाई उसाकडे बघून म्हणाली, 'उसमा काय करी ऱ्हायनात? निघा बाहेर, रानडुक्कर समजीसन कोनी दगड मारी.'

बाहेर आलो. सांगावंच लागलं: खळग्यात कथील निघालं आहे, सरकारी नव्हे पण शास्त्रीय पुरावा आहे. मग गुलाबबाईने भांडं खाली ठेवलं आणि ती पदर तोंडात घालून हलायला लागली.

बेबीबाई हसली नाही. ते जास्त वाईट. म्हणाली, आपल्या पोराच्या लग्नानंतर याच खडकावर छत्री घेऊन कोण उभं होतं? भांडी एकदा घासली, निघाली. तुम्ही म्हणालात, हेमराजदादा नाव ठेवेल, पुन्हा घासा. पुन्हा घासली. तुम्ही म्हणालात, अजून घासा. गुलाबबाई म्हणाली, जिभाऊ, कल्हई जाई ऱ्हायनी. तुम्ही म्हणालात, जाऊ द्या, डाग गेले पाहिजेत.

मला हे आठवत नाही. छत्री आठवते.

मी म्हणालो, पण ती कथलाची कल्हई दोन पावसाळे इथे कशी टिकेल? नदी वाहती आहे. तापीतून सुरतेला गेली असती.

तिने तपेलं उपडं केलं, पाणी झटकलं. म्हणाली, 'हलकी ऱ्हाती ते सुरतले जाती. जड व्हती. तठेज बशी गयी.'

२३ मार्च, सोमवार.

व्हिडिओचा पहिला भाग पाहिला. पहिल्याच मिनिटाला तो माणूस सांगतो, की ग्रॅनाइट नसेल तर खटाटोप करू नका, आणि काळ्या पाषाणाच्या मुलखातल्यांनी तर व्हिडिओ इथेच बंद केला तरी चालेल. सांगताना हसतो. मला उद्देशून.

सरांना फोन केला. कल्हईचं सांगितलं. ते इतके खूश झाले, की वर्गात सांगू का म्हणून विचारू लागले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, तेही जमलं म्हणाले. शिशाचं विचारलं. ते म्हणाले, कल्हईच्या कथलात कधी कधी भेसळ असते.

म्हणजे माझ्या मुलाच्या लग्नातही कोणीतरी मला फसवलं होतं! नाही, तेव्हा मी कल्हई केलीच नव्हती. म्हणजे माझ्या आधीच्या कोणाला तरी. तेवढंच बरं वाटलं.

२९ मार्च, रविवार.

वळणावर एकटाच बसून होतो. फक्त माझ्या मुलाच्या लग्नाचंच असेल असं नाही. माझ्या लग्नाचं असेल. दादाच्या. आत्याचं लग्न इथेच झालं, आईच्या सांगण्यानुसार तेव्हा आत्याच्या सासऱ्याने कढी तीनदा मागून घेतली होती. प्रत्येक वेळी भांडी इथे आली, आणि थोडं थोडं इथे बसलं. पूर आले-गेले.

खळग्यात हात घातला. मनगटापर्यंत.

तांत्रिक कारणास्तव तार काढतो आहे.

५ एप्रिल, रविवार.

तार गुंडाळून झाली. दुसरी पँट फाटली. दादाकडे जाऊन सांगितलं, की पट्ट्यावरची तांत्रिक अडचण दूर झाली असून अर्जाचा विचार करता येईल. तो केळीला पाणी देत होता. मान वर न करता म्हणाला, शाळेच्या मैदानाचं पक्कं केलं आहे. सावली नाही, ताडपत्री लावू. पाणी टँकरने. 'ऱ्हाऊ दे आते.'

बांधावर जरा वेळ उभा राहिलो. त्याने मला बस म्हटलं नाही. घड तर नाहीच.

तो मनातून तयार आहे, फक्त मी आणखी एकदा म्हणावं अशी त्याची अपेक्षा. मी म्हणणार नाही. वसुलीत दुसऱ्यांदा गेलं की किंमत कमी होते.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी.

गावभर झोके. लेकीबाळी माहेरी आलेल्या, गाणी चालू. वाटेने जाताना गुलाबबाईच्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावर रुपा दिसली. तिने मला पाहिलं. पाय टेकवून झोका थांबवला. मग पुन्हा सुरू केला.

टाकीवर बसायची तेव्हाही अशीच पाय हलवायची. माझ्या नडग्यांना लागायचं.

आमरस जेवलो. चव कळली नाही. आंबे भेसळीचे असावेत.

२१ एप्रिल, मंगळवार.

लोटन अप्पांकडून कोठीची किल्ली मागून घेतली. कारण विचारलं तर तपासणी म्हणणार होतो. त्यांनी कारण विचारलं नाही.

सगळ्यात मोठ्या पातेल्यात डोकावलो. तळाला पितळ. त्यात माझा चेहरा, पिवळा, पसरट. आरसा म्हणालो होतो ते खोटं नव्हतं.

२२ एप्रिल, बुधवार.

कल्हईवाले आता राहिले नाहीत. धानोऱ्याला रेवजी म्हणून एकजण आहे, असं कळलं. गेलो. तो म्हणाला, भांडी लग्नाची असतील तर लगेच येतो. मी म्हणालो, तपासणीची आहेत.

कथील मात्र स्वतः आणलं, शहाद्याहून. पहिल्या दुकानदाराने शुद्ध असल्याची शपथ घेतली, म्हणून दुसऱ्याकडून घेतलं.

२४ एप्रिल, शुक्रवार.

सकाळीच भांडी बैलगाडीने वळणावर नेली. दिवस कामाचा निवडला, म्हणजे बघायला कोणी नसेल. अर्धं गाव होतं.

रेवजीने खड्डा केला, भाता लावला. पुसायला कापूस मागितला, तो मी घरचा दिला. पातेलं लालसर तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, सगळे खोकायचे. मग कथलाची कांडी आत टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एक झपाट्याचा हात. पिवळं पातेलं आतून एका क्षणात दुधासारखं होतं. मी प्रत्येक पातेल्याला पाहिलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता होणार नाही.

गुलाबबाई म्हणाली, 'जिभाऊ, खाण चालू व्हयनी वाटस.' वाटस तर वाटस.

दुपारी हेमराजदादा आला. सायकल चिंचेला टेकवली. उन्हात ओळीने ठेवलेली पातेली पाहिली. एक उचललं, आत पाहिलं, ठेवलं. मी कापूस पिंजत होतो. पिंजलेला होता, तरी पिंजत होतो.

तो म्हणाला, शाळेच्या मैदानावर टँकरवाला भरवशाचा वाटत नाही.

मी म्हणालो, टँकरवाले असतातच तसे.

मग त्याने विचारलं, 'चुला कोठे खांदाना?'

मी हाताने जागा दाखवली. चुली तिथे, मांडव इकडे, आणि खडक भांड्यांसाठी मोकळा. त्याने टाचेने जमिनीवर रेघ ओढली. निघताना सायकलवर टांग टाकून म्हणाला, की रुपाला सांगतो. मग थोडं पुढे जाऊन मागे न बघता म्हणाला, 'तूज सांग.'

सांगितलं. तिने माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर दोनदा थाप मारली आणि आत गेली.

रेवजीचं देणं तिथेच दिलं. त्याने विचारलं, कल्हई कोणाच्या नावाने सांगू? मी म्हणालो, कोणी विचारलं तर पंचांच्या. विचारणार नाहीत.

भांडी परत कोठीत लावली. कांडीचा बोटभर तुकडा उरला होता. पट्ट्यातून निघालेलं एकूण उत्पादन. खिशात टाकला. दारापर्यंत आलो, परत गेलो. सगळ्यात मोठ्या पातेल्यात ठेवला आणि वर झाकण घातलं. परवा लग्न झालं की पुन्हा त्याच खडकावर घासतील. लागेल.

किल्ली लोटन अप्पांच्या उशाशी ठेवून आलो. झोपले होते. किंवा तसं दाखवत होते.